झग्याचं माप

३ तारीख, सोमवार
लागले एकदाची नोकरीला! सरकारी मनोरुग्णालयात शिवणशिक्षिका. आईला फोन केला, तर तिचा पहिला प्रश्न, बायका चावत नाहीत ना? चावत कसल्या, चहात साखर कमी म्हणून माझ्याहून जास्त कुरकुरतात. शिवणाची खोली वॉर्डातच आहे. मशिनं चार, चालू दोन. वॉर्डाच्या दाराला आतून कडी नाही. ठोठावायचं, पहारेकरीण जाळीतून चेहरा ओळखून उघडते. ओळखपत्राचं विचारलं, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, चेहरा आहे की तुमच्याकडे.

७ तारीख, शुक्रवार
टाचणीशी गट्टी जमली. काटकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून बायकांनीच ठेवलेलं नाव. माझ्याच वयाची, माझ्याच चणीची. ती बरी होऊन कित्येक वर्षं झाली, पण न्यायला नातेवाईकच लागतो आणि तिचा भाऊ फिरकत नाही. डॉक्टरची जागा रिकामी. बाहेरून एक डॉक्टर महिन्यातून एकदा येतात आणि दुपारपर्यंत सगळा वॉर्ड उरकतात. मला संताप आला. म्हटलं, मी काहीतरी करते. ती म्हणाली, बाई, आधी काजं नीट करा.

१२ तारीख, बुधवार
बायकांचे नवे झगे झाले. गळा आवळतो का ते स्वतः घालून बघा, असा टाचणीनं हट्टच धरला. पडद्याआड कपडे बदलून झगा घातला. बाहेर येऊन गिरकीही घेतली, सगळ्या खिदळल्या. परत पडद्याआड गेले, तर माझे कपडे नाहीत, पर्स नाही, टाचणी नाही.

दार ठोठावलं. दुपारीच पहाऱ्याचा ठेकेदार बदललाय, दारावर नवीच बाई. म्हणाली, शिवणाच्या बाई मघाशीच गेल्या. मला हसूच आलं. मोठ्या सिस्टर आल्या की उलगडा होईल.

१३ तारीख
मोठ्या सिस्टरांची बदली झाली म्हणे. नव्या सिस्टरांनी डोकी मोजली, बरोबर भरली. मी शिक्षिका आहे म्हटलं, तर मायेनं हो हो म्हणाल्या. त्या मायेनं अंगावर काटा आला. बायका एका सुरात सांगत होत्या, या शिवणाच्या बाई. पण इथं त्यांचं कोण ऐकतं? आईचा नंबर फोनमध्ये, फोन पर्समध्ये. पाठ एकही नाही. वही तेवढी खडूच्या डब्यात होती, म्हणून राहिली.

१६ तारीख?
दार बडवलं. इंजेक्शन दिलं. जीभ जड. टाचणीवर धड रागावताही येत नाही — मीही हेच केलं असतं —

डॉक्टर येऊन गेले. मान वर न करता गोळी वाढवली. मी गप्प बसले, तर म्हणाले, गोळी लागू पडतेय —

सिस्टरांना माझी दया आली. टाचणीच्या भावाला निरोप धाडलाय, बहिणीला घेऊन जा म्हणून. तो बघेल आणि सांगेल, ही ती नव्हे. सुटले! रडू आवरत नाही.

आज
भाऊ आला. मी केस मागे सारले, उजेडात उभी राहिले. त्यानं वर पाहिलंच नाही. बहिणीकडे बघायची हिंमत नसावी. मी ओरडले, नीट बघा, मी तुमची कोणी नाही! हा माझा भाऊ नव्हे!

तो खाली बघतच सिस्टरांना म्हणाला, सख्ख्या भावालाही ओळखत नाही. हिला घरी कशी नेऊ?

गेला —

सिस्टर इंजेक्शन भरतायत. दादा म्हणायला हवं होतं. नुसतं दादा म्हटलं असतं, तर त्यानं मला बाहेर —