मासळीबाजाराची बदनामी

आये,

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. विषय होता जगातल्या बड्या पुढाऱ्यांची भाषा. हल्ली टीव्ही लावला की तेच. एका देशाचा प्रमुख दुसऱ्याच्या बायकोवर घसरतो, दुसरा त्याच्या म्हातारपणाची टर उडवतो, आणि भोवतीचे सुटाबुटातले लोक दात काढतात. अध्यक्ष म्हणाले, "जगाचा नुसता मासळीबाजार झालाय!" टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालवणच्या बाजारात तुझ्या माशांच्या पाटीमागे बसून मी पाढे पाठ केलेत, मला कोण सांगतंय मासळीबाजार! मी उभी राहिले नि म्हटलं, "साहेब, बाजाराची बदनामी करू नका. तिथे कुणी कुणाच्या घरावर जात नव्हतं." आता सोमवारी सगळ्यांसमोर माफी मागायची, असा निरोप आलाय. जूनमध्ये मी मुख्याध्यापिका व्हायची आहे. माफी मागितली नाही, तर ते गेलंच म्हणून समज.

मला तो दिवस आठवतोय. बसायच्या जागेवरून तुझी नि शेजारच्या मासेवालीची जुंपलीय. तू ओरडतेस, "गो, तुझ्या बांगड्याचो बारावो झालो, तरी इकतंस!" ती कसली ऐकते! "नि तुझी सुरमय माझ्या लग्नाक इल्ली हुती!" अख्खा बाजार हसतोय, तुम्ही दोघी मात्र लालबुंद. तेवढ्यात तुझं एक नेहमीचं गिऱ्हाईक, तुला खूश करायला, तिच्या मूल नसण्यावर काहीतरी बोलतं. तू भांडण अर्ध्यावर सोडून त्याच्याकडे वळतेस. त्याच्या पिशवीतली सुरमय काढून घेतेस. "माजा भांडान तिच्या बांगड्याशी आसा, तिच्या घराशी नाय. वाटेक लागा." दुपारी ती उरलेली मासळी घेऊन उठते, तेव्हा तूच तिची पाटी उचलून तिच्या डोक्यावर देतेस. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, म्हणून कितीही भांडण झालं तरी शेजारणीने हात लावायचाच, ही बाजाराची रीत. तोंडं दोघींची फुगलेलीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा, तेच भांडण.

हे मोठे लोक भांडतात ही माझी तक्रारच नाही. भांडावं की खुशाल! पण यांच्या एका शब्दापायी कुठल्यातरी देशातली पोरं बंदुका घेऊन उभी राहतात, आणि यांना कुणाच्या पाटीला हात लावायचा नसतो. यांच्या तमाशाला मासळीबाजार म्हणणं म्हणजे यांचा मान वाढवणं. सोमवारी मी हेच सांगणार आहे.

माफी मागणार नाही. खुर्ची गेली तर गेली. सकाळपासून स्वयंपाकघरात बोलून बघतेय. वाक्यं येतात, शाळेत शोभतील अशी सरळ, पण त्यांना धार नाही. तू असतीस तर खेकसली असतीस, "गो, मिठाची गुळणी धरलंस काय? मोठ्यान बोल!" शाळेत मला सगळे मॅडम म्हणतात, घरी सून अहो-जाहो करते. तू गेल्यापासून माझ्यावर कुणी असं खेकसलेलंच नाही. हे पत्र टाकणार कुठे, राहील इथेच. पण तुला म्हणून सांगते, सोमवारची मला भीती वाटतेय. माझ्यावर ओरडायला तू हवी होतीस.