मास्तरांनी पुकारलेलं नाव

४ मार्च
रेकॉर्डिंग सुरू. बारा वर्षांनी नवी रेकॉर्ड, चागो मास्तर एकोणऐंशीचे. लॅटिन सोलची गाणी तर आहेतच, वर फंकचा नाचरा ठेका — या वयात! ब्रॉंक्समधला तोच स्टुडिओ, तोच बंद हीटर. कोट घालून कोंगा वाजवला, ढोलावर बोटं गारठली.

आमच्या बँडमध्ये कुणाचा सोलो, म्हणजे एकट्याचं वाजवणं, सुरू होताना मास्तर त्याचं नाव पुकारतात. ते रेकॉर्डवर कायमचं राहतं. ट्रॉम्बोनवाल्या रुफिनोचं चार रेकॉर्डींवर आहे. माझं एकीवरही नाही, कारण सव्वीस वर्षांत मला सोलोच मिळाला नाही. उद्या आहे.

बायकोला, नील्दाला, सांगितलं. म्हणाली, "मग दाढी कर."

५ मार्च
वाजवला. झकास वाजवला. मास्तरांनी हात वर केला आणि पुकारलं, "चल, यायो!"

यायो माझ्या आधीचा कोंगावाला. तो वारला त्याला सव्वीस वर्षं झाली.

रुफिनो स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. मी म्हटलं, "मास्तर, मी मिंगो."

"मग मला काय ठाऊक नाही? कॉफी घे."

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, नाव पुसता येईल. मास्तर म्हणाले, "हात लावून तर बघ."

वाईट वाटलं. फार.

६ मार्च
गेलो नाही. बोटं सुजलीत असं कळवलं. बोटं ठणठणीत आहेत. दिवसभर पातेल्याच्या तळाचा करपलेला भात खरवडून खाल्ला.

७ मार्च
रुफिनोचा फोन. माझ्या जागी न्यू जर्सीचा एक गणिताचा शिक्षक आणलाय. शेवटच्या गाण्यातला सोलोही त्यानंच वाजवला. "बरं झालं," म्हटलं. काही बरं झालं नाही.

११ एप्रिल
रेकॉर्ड आली. पहिल्या गाण्यात माझा सोलो, नाव यायोचं. शेवटच्या गाण्यात शिक्षकाचा सोलो, आणि त्याआधी मास्तरांचा फाटका आवाज — "चल, मिंगो!"

नाव आलं एकदाचं, तेही दुसऱ्याच्या वाजवण्यावर! नील्दाला म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. उद्या तोंडावर सांगतो.

१२ एप्रिल
सांगितलं. मास्तर दारातच उभे राहून ऐकत होते.

"तो सोलो तुझा नव्हता हे माहीत आहे. समोर बसलेल्यांना आता काय हाका मारायच्या? जो आला नाही त्याला मारतो."

मग विचारलं, "सूज उतरली का?"

उतरली म्हटलं.