माझं शून्य, तिचे पन्नास

निर्मळ, रविवार

आदरणीय हरिश्चंद्रभाऊ,

दिनानाथचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? चंदनसारच्या नव्या फ्लॅटची लिफ्ट चालू झाली का? इकडे वाडीतल्या केळींना घड धरलेत, मोगरा बरा आहे, मीही बरा आहे. (डाळ करपली, पण करपलेल्या डाळीला एक वेगळी चव असते.) फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि आमच्या घरचं सगळं तुमच्या मजल्याला कळतं, म्हणून पत्र.

तुमच्या बहिणीने 'जरा माहेरपणाला आले' असं सांगितलं असेल. खरं कारण शेअरचा चार्ट. मी रिटायर झाल्यापासून आम्ही दोघं रोज सकाळी चहा घेऊन कम्प्युटरपुढे बसतो. पैसे लावत नाही, नुसता अंदाज बांधतो. ज्याचा चुकेल त्याने कपबशा विसळायच्या. चार्टखाली जयवंतीची एक रेषा, आरएसआय नावाची, आणि माझी एक, एमएसीडी. बाजाराला किती जोर आहे हे दोन्ही आपापल्या परीने सांगतात. मी हौसेने दोन्ही एकाच चौकटीत टाकल्या आणि तिथेच फसलो. तिची रेषा शून्य ते शंभरात खेळणारी, माझी शून्याच्या जरा वर, जरा खाली. एकाच मोजपट्टीवर तिचे झाले डोंगर आणि माझी तळाशी सपाट आडवी! जयवंती म्हणाली, "अगदी तुमच्यासारखीच, झोपाळ्यावर पडलेली." मी म्हणालो, "तुझ्या शंभरापुढे कुणाची उठून बसायची टाप आहे?" भाऊ, देवाशपथ, थट्टेत म्हणालो. तिने कप तसाच ठेवला आणि बॅग भरली.

मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, या दोघींना एका पातळीत आणल्याशिवाय राहायचं नाही. तिचा मध्य पन्नास, माझा मध्य शून्य. ते एका उंचीवर आले की झालं. आता आपण वाडीवाले. रांग सरळ हवी तर दोरी ताणायची, एवढं आपल्याला कळतं. स्क्रीनवर पन्नासाच्या उंचीला सुतळी ताणली. चिकटपट्टी सापडेना (ती कुठे असते ते जयवंतीलाच ठाऊक), म्हणून केळीचं पान कापून देठाच्या चिकाने चिकटवली. काय सरळ बसली म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, चार्टने आपले आपण आकडे मागेपुढे केले आणि रेषा सुतळीखालून निसटल्या. सुतळी ओढून काढली, तर चिकाचा काळपट पट्टा स्क्रीनवर तसाच. केळीचा डाग सदऱ्यावरून जात नाही, तिथे स्क्रीनवरून काय जाणार.

शेवटी वैतागून दिसेल ते बटण दाबत सुटलो, तेव्हा कळलं की प्रत्येक रेषेला स्वतःची वेगळी मोजपट्टी देता येते. म्हणजे चूक तिची नव्हती, माझी नव्हती, पट्टीची होती! तिचे आकडे उजवीकडे राहू दिले, माझे डावीकडे नेले, ते आपोआप बदलणं बंद केलं, आणि माझं शून्य ओढत ओढत तिच्या पन्नासाशी नेऊन टेकवलं. भाऊ, माझी रेषा उठून बसली हो! तिची चढली की चढते, उतरली की उतरते. फक्त तिची आधी वळते, माझी मागून. (लग्नापासून हेच चाललंय.) चहा गार होईपर्यंत बघत बसलो. शेजारची खुर्ची रिकामी, आणि हे दाखवायला घरात कुणी नाही. फार वाईट वाटलं.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. जयवंतीला परत धाडा असं मी मुळीच म्हणत नाही. तिचं माहेर आहे, हवं तितकं राहू दे. फक्त चिकटपट्टी कुठे आहे तेवढं विचारा.

आणखी ता. क. चिकटपट्टी सापडली. तरी विचारा.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करत होतो, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. बॅग घेऊन जयवंती उतरली. आधी डाग बघितला, मग मला बघितलं, मग चार्ट. डोळे पुसून चष्मा लावला आणि म्हणाली, "तुमचं शून्य अजून केसभर खाली राहिलंय." मी म्हटलं, "मग घे तूच वर." माउसवर माझा हात होता. तो बाजूला न करताच तिने वर घेतलं. (हे वाक्य मोठ्याने वाचू नका.)