मामाला दिलेला पत्ता

मानसिंगदादा,

कराडच्या ज्या खोलीत नशेची पावडर विकली जायची, तिथला पत्ता तुला मीच दिला. तू पोलिसातला, म्हणून इश्वासानं दिला. तू म्हणालास, "विकणारा आत जाईल, भाचीला दवाखान्यात घालू." धाडीला सरकारच्या सात गाड्या आल्या, पेपरात तुमचे फोटो आले. विकणारा मोठा वकील लावून सुटला, आज परत कॉलेजच्या रस्त्याला उभा हाय. त्याच धाडीत पिशवीत पुडी घावली म्हणून माझी अंकिता मात्र तुरुंगात हाय. नशेविना तडफडती, तर तिला एक डॉक्टर मिळंना.

तुला जाब विचारायला बसले हुते. पण काल भेटीत अंकितानं विचारलं, "आई, मामाला पत्ता कुणी दिला गं?"

मी म्हणलं, "मला काय ठाऊक?"

आता हे पत्र कुठल्या तोंडानं धाडू?

तुजी बहीण,
विजयमाला