चालीत म्हटलेला परिचय

गुरुजी, तुमच्या अंगठीचा आवाज अजून येतो. उजव्या हातातली ती तांब्याची अंगठी टेबलाच्या कडेवर पडायची, टक, मग थोडी जागा, पुन्हा टक टक, आणि त्या जागेत आमचा सगळा वर्ग श्वास घ्यायचा. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या शाळेचे पत्रे तापलेले असत, कारखान्याचा भोंगा कविता मध्येच कापून टाकायचा, तरी तुमची अंगठी थांबत नसे. एकदा मी ओळ विसरून उभा राहिलो तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. म्हणालात, "गाढवा, शब्द काय पाठ करतोस? चाल धर, शब्द मागून येतात." एवढ्या वर्षांत बरंच सुटलं हातातून, पण ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. त्यानेच घात केला असं आज वाटतंय, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

माझ्या मुलाला तुम्ही पाहिलं नाहीत. पंचेचाळिशी ओलांडली त्याने. एमआयडीसीतली त्याची कंपनी बंद पडली आणि पुढची वर्षं "बघतो", "कळवतो" ऐकण्यात गेली. आता अशा बरीच वर्षं रिकाम्या राहिलेल्या माणसांसाठी सरकारी ट्रेनिंग निघालंय. शहाड स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये वर्ग भरतो. बिस्किटांचे रिकामे खोके रचायचे, बिलाचं मशीन चालवायचं, आणि आरशासमोर उभं राहून गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. पन्नाशीचे बाप्ये रांगेत उभे राहून हसायचा सराव करतात, गुरुजी. शिकवणारी मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाची, पोरगी चांगली आहे. पण मुलाखतीसाठी प्रत्येकाने स्वतःचा परिचय तोंडपाठ करायचा, ही तिची सक्ती. मराठीत चालेल, हिंदीत चालेल, अडखळायचं नाही. रिकाम्या वर्षांसाठीही तिने वाक्य दिलंय, "मधल्या काळात मी घरच्या जबाबदाऱ्या सांभाळत होतो."

तो त्या वाक्यापाशी येऊन थांबायचा. घर सांभाळते ती सून. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणते आणि दिवसभर बसून त्यांचे लोंबणारे धागे कापते. तिच्यासमोर उभा राहून तो "घरच्या" म्हणायचा आणि गप्प व्हायचा. मग मी मध्ये पडलो. डब्याच्या झाकणावर चमच्याने ठेका धरला, परिचयाच्या ओळी पाडल्या, जिथे तुम्ही श्वास घ्यायला लावायचात तिथे श्वास घ्यायला लावला. आणि जमलं की हो त्याला. नाव, गाव, शिक्षण, कंपनी, सगळं घडाघडा. "जबाबदाऱ्या" वर सूर चढायचा आणि "सांभाळत होतो" वर अलगद उतरायचा. सून कात्री खाली ठेवून ऐकत बसली.

सोनिवलीच्या बाजूला मोठं दुकान निघतंय, तिथले साहेब हॉलमध्ये आले. माझा मुलगा उभा राहिला आणि त्याने परिचय चालीत म्हटला. तिसऱ्या ओळीला एका साहेबाने पेनाने टेबलावर ठेका धरला. बाकीचे हसले. वर्गातलेही हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो त्याच्या शेजारी बसणारा सिंधी माणूस, जन्मभर कापडाच्या दुकानात कापड मोजत उभा राहिलेला आणि दुकान मिटल्यावर इथे आलेला. मुलगा "जबाबदाऱ्या" वर सूर चढवून तिथेच थांबला. खाली उतरलाच नाही.

उद्या शेवटची मुलाखत आहे. दुसरी कंपनी, गोदामाचं काम. त्यानंतर हा वर्ग संपतो, आणि पुढच्या वर्गाला वयाची अट खाली आणलीय, तीत तो बसत नाही. म्हणून मी पुन्हा त्याच्या मागे लागलो. सरळ बोल, आपण दुकानात साखर मागतो तसं बोल. तो सरळ सुरू करतो आणि दुसऱ्या वाक्याला चाल आपसूक येते. पाणी पिऊन म्हणायला लावलं, चालता चालता म्हणायला लावलं, धागे कापता कापता म्हणायला लावलं. येतेच. शेवटी सून म्हणाली, "बाबा, सोडा त्यांना. माणूस आहे, रेडिओ नाही." कालपासून तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. चाल घालायची कशी ते तुम्ही शिकवलंत, गुरुजी. काढायची कशी?

मला माझा परिचय कधी द्यावाच लागला नाही. शाळा संपल्यावर तुम्ही मला कंपनीच्या गेटवर घेऊन जाताय, तुमच्या धोतराला चिखल लागलाय, आत सायकली लागल्यात, आणि तुम्ही टाइमकीपरला सांगताय, "हा माझ्या हाताखालचा." बस. तो माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "सोमवारी येशील?" तुमच्या त्या तीन शब्दांवर मी निवृत्त होईपर्यंत भाकरी खाल्ली. मी माझ्या पोराला कोणत्या गेटवर नेऊ? मला आता वॉचमनसुद्धा ओळखत नाही.

आणखी एक कबूल करतो. पहिल्यांदा त्याने न अडखळता परिचय म्हटला, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. तो कशासाठी म्हणतोय हे मी विसरलो होतो. मी तुमच्या वर्गात बसलो होतो.

आत्ता दार वाजलं. उघडलं तर तोच, सगळ्यात मोठ्याने हसलेला. हातात शेवेची पुडी, कपाळावर घाम. म्हणाला, "काका, उस दिन मैं हंसा, गलती हुआ. पण मेरा नंबर आया ना, तो मेरेको मेरा नाम भी याद नहीं आया. इसका तो तीन लाइन निकला. वो गाना मेरेको भी सिखाओ. कल मेरा भी लास्ट है."

त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि, आलोच, म्हणून आत येऊन हे लिहितोय. पलंग करकरला. मुलगा उठून बाहेर गेला. डब्याचं झाकण वाजतंय, टक, मग थोडी जागा. "ऐसे नहीं, सेठ," तो म्हणतोय, आवाज बसलाय त्याचा. "पहले सांस लो. फिर नाम."

उद्या दोघांनाही हसतील. उठून थांबवायला हवं, गुरुजी. मी अजून उठलेलो नाही.