तिच्या बाजूचा खड्डा

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. व्यापारी मंडळानं व्याख्यानाला बोलावलेल्या बॅलन्सवाल्या सरांचा आग्रह. माणसानं एका हातात ध्येय धरावं, दुसऱ्या हातात नाती, म्हणे. दोन्ही हातांत गाद्या धरून लोकांचे जिने चढण्यात माझं तारुण्य गेलं, हे त्यांना कोण सांगणार? सकाळभर बसवून ठेवलं. खुर्च्यांचा फोम इतका हलका की शिसारी आली.

मुद्दा मात्र पटला. माझं ध्येय: एक मार्चला दुसरं शोरूम. नाती: बायको, मुलगी. मनःशांती: शोरूम उघडलं की आपोआप.

ठराव: रोज संध्याकाळी सात ते साडेसात बायकोशी मोकळेपणानं बोलणे.

५ फेब्रुवारी

सात पंचवीसला घरी. पाच मिनिटं मोकळेपणानं बोललो, नव्या शोरूमच्या काचांबद्दल. ही म्हणाली, अहो, काचा राहू द्या, गादीचं काय झालं?

वर्षभर हेच तुणतुणं. आमच्या पलंगावरची गादी म्हणजे एका गिऱ्हाइकानं परत केलेला माल. चांगली आहे. हिच्या बाजूला जरा बसली आहे, एवढंच. ही म्हणते खड्डा आहे, पाठ धरते. म्हटलं, शोरूम होऊ दे, पहिली गादी तुझी. तर म्हणाली, पहिल्या शोरूमच्या वेळीही पहिली गादी माझीच होती.

नको ते बरोबर लक्षात राहतं.

९ फेब्रुवारी

दुकानात मी गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न विचारतो. कुठल्या कुशीवर झोपता, रात्री कितीदा जाग येते, सकाळी आधी काय दुखतं. सगळा धंदा याच्यावर उभा केला. उत्तरापेक्षा आवाज महत्त्वाचा. माझे कान तिखट. आवाजावरून पाठ ओळखतो.

आज एक जोडपं आलं. बाईंना विचारलं तर उत्तरं नवरा देतोय. डावी कूस, म्हणाला. बाई म्हणाल्या, अहो, डावी तुमची. असल्या नवऱ्यांची किळस येते. शेजारी झोपणारं माणूस कुठल्या कुशीवर झोपतं, हे ठाऊक नसावं?

सात ते साडेसात: रंगारी आला होता.

१२ फेब्रुवारी

ही मुलीच्या खोलीत झोपायला गेली. जमिनीवर, सतरंजी टाकून. मुलगी फणकारली, बाबा, तुम्हाला दिसत नाही का? दिसतं की. कामाच्या धामधुमीत मला मोकळीक हवी, हे हिनं न सांगता ओळखलं. सर याला स्पेस म्हणतात.

अख्खा पलंग माझा. झोपलो मात्र आपल्याच बाजूला. सवय.

१६ फेब्रुवारी

होर्डिंगची झकास कल्पना सुचली. गादीवर आम्ही दोघं, आणि खाली: आम्हीही याच गादीवर झोपतो! ध्येय आणि नाती एकाच फोटोत. हिला सांगितलं. म्हणाली, कुठल्या गादीवर? म्हटलं, फोटोतल्या. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. आवाज थोडा खरखरीत वाटला. हवा बदलली असेल.

१९ फेब्रुवारी

जुन्या दुकानात फोटो. दुकानातली सगळ्यात भारी गादी मांडली. फोटोग्राफर म्हणे, दादा, वहिनींकडे जरा प्रेमानं बघा. बघितलं. जांभई आली. तो दिवे लावेपर्यंत ही आडवी झाली आणि झोपली. नाटक नव्हे, गाढ. फोटोग्राफर वहिनी-वहिनी करून दमला. मीही खांदा हलवला. आमचा टेम्पोवाला मधे पडला, शेठ, झोपू द्या हो वहिनींना. सगळ्या नोकरांसमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिऱ्हाइकं यायला लागली. एका जोडप्यानं कुजबुजत विचारलं, ह्या कोण? तोंडातून निघून गेलं, डेमो. त्यांनी लगेच तीच गादी घेतली. एक आजोबा चपला काढून पलीकडच्या बाजूला पडून बघतो म्हणाले, त्यांना कसंबसं अडवलं.

दुपार टळल्यावर ही उठली. बसल्या बसल्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, अहो, दुखत नाहीये. चेहरा असा उजळलेला की मीच ओळखलं नाही. मग हळूच विचारलं, ही घरी नेऊया?

म्हटलं, वेडी का काय, हा डिस्प्लेचा पीस. उद्घाटनाला लागणार.

चादर नीट करून खाली उतरली. समजूतदार आहे.

२३ फेब्रुवारी

सरांना फोन करून प्रगती कळवली. घरचे काय म्हणतात, विचारलं. म्हटलं, हल्ली बायको काहीच म्हणत नाही. सरांनी तेच पुन्हा विचारून घेतलं. प्रभावित झाले असणार.

२७ फेब्रुवारी

ही बहिणीकडे गेली. पाठीला आराम म्हणे. ऐन लगीनघाईत! उद्घाटनाला तरी ये म्हटलं, तर म्हणाली, बघू. गिऱ्हाईक बघू म्हणालं की ते परत येत नाही, हे मला चांगलं कळतं. पण बायको म्हणजे काही गिऱ्हाईक नव्हे.

१ मार्च

उद्घाटन. तोबा गर्दी. होर्डिंग झकास: मी दात काढून हसतोय, ही शेजारी झोपलेली. जो तो विचारतोय, वहिनी कुठे? शेवटी वैतागून वर होर्डिंगकडे बोट दाखवलं. एका बाईंनी हळहळून हात जोडले. दुसऱ्या म्हणाल्या, कधी झालं हो? हिची झोपेची हौस मला भोवते ती अशी.

पहिली गादी फोनवरच विकली गेली. भारीतली, पण सिंगल. टेम्पोवाला पोचवून आला तेव्हा विचारलं, कुणाची ऑर्डर? मान खाली घालून म्हणाला, वहिनींची. तुमच्या मेहुणीकडे पोचवली. पूर्ण पैसे दिले, सवलत नको म्हणाल्या. वर म्हणतो, शेठ, पहिली गादी वहिनींची, तुमचा शब्द राहिला.

सिंगल! तोंड कडू झालं. सरबत सगळं तसंच ठेवलं.

४ मार्च

दुपारी घरी. हिच्या बाजूला जरा पडून बघितलं, केवळ तपासणी म्हणून. कंबर खाली गेली, पाय वर. हातपाय मारले तसा आणखी आत. मुलीला हाक मारली. ती दारात उभी राहून बघत राहिली. म्हणाली, आधी कडेला वळायचं, मग पलंगाची कड धरायची, मग उठायचं. आई तसंच करायची. आणि गेली.

कसला भिकार माल! लोकांच्या गळ्यात असलं मारणाऱ्याला चाबकानं फोडला पाहिजे. मग आठवलं, गिऱ्हाइकानं ही परत केली ती माझ्याकडेच.

पाठ धरली.

५ मार्च

सतरंजी पाठीला उत्तम.

७ मार्च

सातच्या ठोक्याला हिला फोन लावला. मग विचारलं, तू कुठल्या कुशीवर झोपतेस?

म्हणाली, गिऱ्हाइकाला विचारताय का मला?

म्हटलं, तुला.

म्हणाली, लग्न झाल्यापासून उजव्या. तुमच्याकडे तोंड करून. आता मोकळं आहे, कशीही झोपते.

ही मोकळेपणानं बोलली म्हणून मलाही हुरूप आला. तिसरं शोरूम मेहुणीच्या घराजवळ काढायचं, म्हणजे जाता-येता भेट होईल, ही योजना सविस्तर मांडली. जागा, काचा, पाटीचा रंग. साडेसात वाजून गेले, पलीकडून हूं की चूं नाही. नीट कान दिला.

घोरत होती. बारीक, एकसारखं, मधे कुठेही न अडता. या धंद्यात केस पांढरे झाले, मला कळतं. हे पाठ न दुखणाऱ्या माणसाचं घोरणं.

गादी चांगली आहे आमची.

फोन ठेवला नाही. कानाशी तसाच धरून सतरंजीवर पडून राहिलो.