राजेश्वरीला गाडी का लागते

सोलापूर,
मंगळवार

ती. शिवशरणअण्णांना गुरप्पाचा शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? नव्या घराच्या घरभरणीचा निरोप पोचला, आनंद झाला. (फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून पत्र.) इकडं सगळे बरे. चादरीचं दुकान पोरानं चांगलं धरलंय, त्यामुळं मला दिवसभर काम नाही. अशा माणसाच्या हाती नवी हायब्रिड गाडी आली की काय होतं, ते सांगायला बसलोय.

तुमच्या बहिणीला गाडी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. सव्वीस वर्षांत ती माझ्या गाडीतून घराजवळच्या सात रस्ता चौकाच्या पुढं कधी सुखानं गेली नाही. तुमच्या दानेश्वरीच्या लग्नाला ती बार्शीला आली एसटीनं, आणि मी मागनं रुखवत घेऊन गाडीतनं. तुमच्या वऱ्हाडात दोन दिवस चर्चा, की यांचं भांडण झालंय. एसटीत तिला काही होत नाही, यावर मी विचार केला होता. माझं म्हणणं, एसटी मोठी, वारं खेळतं. मग मी सीटची कव्हरं बदलली, अत्तराची बाटली काढली, पेट्रोलची गाडी विकून डिझेलची घेतली आणि शेवटी ही हायब्रिड, कारण हिला आवाज कमी, वास नाही. (चारचौघांत तिच्या पित्ताला नावं ठेवली ती वेगळीच.) एकच इच्छा होती हो, म्हातारपणी तरी बायको शेजारच्या सीटवर बसावी. तर पहिल्याच दिवशी तिला मळमळलं. लई राग आला.

त्या रागात मी मायलेजच्या मागं लागलो. शोरूमवाले म्हणाले होते सव्वीस, मला पडायचं सतरा. का बरं? जाऊन तिथल्या सिद्धनाथला धरलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही ब्रेक मारता की. तो दाबायचा असतो." म्हणजे हळू दाबला, की चाकांचा जोर वाया न जाता परत बॅटरीत जातो! थांबता थांबता गाडी कमाई करते, ही काय भानगड, म्हणून मला झोप येईना. तेव्हापासनं लांबून सिग्नल लाल दिसला, की मी तिथंच पाय उचलतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

मग अक्कलकोट रोडला क्रूझ कंट्रोल लावलं. म्हणजे साठचा वेग ठरवून बटण दाबायचं, पुढं गाडी तिची ती पळते. (उजव्या पायाला काय करावं कळेना. पहिल्या दिवशी तो नुसताच हवेत धरून बसलो, रात्री मांडीला गोळा आला.) सपाट मोकळ्या रस्त्याला आकडा झक्क चढतो. पण पूल आला, की साठ राखायच्या हट्टानं इंजिन बोंबलायला लागतं. म्हणून चढाआधी ते बंद करायचं, वेग थोडा पडू द्यायचा, उतारावर परत मिळवायचा. हे कुणी शिकवलं नाही, कुंभारीच्या बाजूला सहा फेऱ्या मारून माझं मी शोधलं. एका टमटमवाल्यानं शेजारनं जाताना विचारलंही, "क्या चच्चा, धक्का मारू क्या?" मी हात जोडले. मायलेज चोवीस.

गेल्या गुरुवारी राजेश्वरीची अक्कलकोटची एसटी चुकली. नाइलाजानं बसली गाडीत, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी. मी एकेक आकडा समजावत निघालो. कुंभारीला पंचवीस, वळसंगला साडेपंचवीस, अक्कलकोटात शिरताना सव्वीस पूर्णांक चार! दाखवायला वळलो, तर ही झोपलेली. मान खिडकीला टेकलेली, लिंबू मांडीवर. अण्णा, माझ्या गाडीत ती झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. थांबलो तर जागी होईल, म्हणून थांबलोच नाही. अक्कलकोट मागं पडलं, पाट्यांवरचं मराठी संपलं, कन्नड सुरू झालं, तरी मी आपला चाळीसनं चाललोय. शेवटी एक म्हैस रस्त्यात आडवी उभी राहिली. राजेश्वरीनं डोळे उघडून विचारलं, अक्कलकोट आलं का? गेलं, म्हटलं.

तिथंच डोक्यात प्रकाश पडला. गाडी तीच, तिचं पित्तही तेच. बदलला होता तो माझा पाय. इतकी वर्षं पुढच्याच्या बंपरपर्यंत जाऊन कच्चकन ब्रेक, परत पाय दाबून सुसाट, परत ब्रेक. तिला गाडी लागतच नव्हती हो, मी लागत होतो.

तर रविवारी आम्ही दोघं एकाच गाडीतनं येतोय. वहिनींना आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकतील.

तुमचा,
गुरप्पा

ता. क. गाडीला सावलीची जागा धरून ठेवा. तापलेल्या गाडीत एसी जास्त लागतो, मायलेज पडतं.

ता. क. २. खरं काम पुढंच आहे. हे पायाचं मी तिला अजून बोललो नाही. तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा मायलेजच बाहेर आलं. तुम्ही तिचे थोरले. घरभरणीच्या गडबडीत तिला जरा बाजूला घ्या आणि सांगा, की चूक तिच्या पित्ताची नव्हती, हे गुरप्पाला कळलंय आणि वाईट वाटतंय. एवढं कराच.

ता. क. ३. अण्णा, मी राजेश्वरी. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. आता तुमी काय सांगायची गरज न्हाय. फक्त यांना कळू देऊ नका, की त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. आकडे ऐकून कान किटले, म्हणून डोळे मिटून घेतले. मग लई बरं वाटायला लागलं, म्हणून कर्नाटक आलं तरी उघडले न्हाईत.